उशिरा उमलणारे बोल

डाउन सिंड्रोम असलेल्या बालकांच्या वाणीला घराने द्यावयाचा आधार

खाली दुकान आणि वर घर अशी रचना महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या बाजारपेठेत दिसते. असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. दिवस कलला आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपायची म्हणून स्वयंपाकघरात लगबग चालू आहे. अडीच वर्षांची नात ओट्यापाशी येते, उकळून गार केलेल्या पाण्याच्या हंड्याकडे पाहते आणि एक अस्फुट हुंकार काढते. दादी लगेच पेला भरून तिच्या ओठांना लावते. काकू पदराने तिचे तोंड पुसते. मुलगी समाधानाने निघून जाते. एवढ्या साऱ्या व्यवहारात तिला एकही शब्द उच्चारावा लागलेला नाही.

या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. घरातील प्रत्येक जण तिच्यावर जीव टाकतो; तिच्या डोळ्यांतील भाव ओळखण्यात सारेच तरबेज झाले आहेत. आणि तरीही रात्री दुकानाचा हिशेब मिटला, की एकच प्रश्न घरभर फिरतो : ही बोलणार केव्हा? त्या प्रश्नामागे आणखी काही प्रश्न उभे असतात, ते सहसा कोणी उच्चारत नाही. ही शाळेत जाईल का? आपले दुखणे-खुपणे सांगू शकेल का? आईवडिलांच्या पश्चात हिचे कसे होईल?

या प्रश्नांची पूर्ण उत्तरे आज कोणापाशीच नसतात. परंतु मुलीच्या वाणीचा पाया कोठे घालायचा, याविषयी गेल्या चार-पाच दशकांत पुष्कळ काही कळले आहे. आणि त्यातील मोठा भाग त्या हंड्यापाशी व त्या पेल्यापाशीच घडावयाचा आहे.

दोष कोणाचाच नाही

मानवी शरीराच्या पेशीत सामान्यतः ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या. डाउन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असते. इंग्लंडमधील वैद्य जॉन लँगडन डाउन यांनी या अवस्थेचे वर्णन १८६६ मध्ये केले. तिचे कारण मात्र १९५९ मध्ये, फ्रान्समधील जेरोम लेजून व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून जगापुढे आले. २१ व्या गुणसूत्राच्या तीन प्रती म्हणून तिसऱ्या महिन्याची एकवीस तारीख, म्हणजे २१ मार्च, हा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या वतीने २०१२ पासून जागतिक डाउन सिंड्रोम दिन म्हणून पाळला जातो. साधारणपणे ७०० ते १००० जन्मांमागे एका बालकात ही अवस्था आढळते. ती सर्व देशांत, सर्व ज्ञातींत आणि गरीब-श्रीमंत अशा सर्व घरांत आढळते.

सुमारे ९५ टक्के मुलांमध्ये ही अधिकची प्रत बीजपेशी तयार होताना घडलेल्या एका आकस्मिक चुकीमुळे येते. मातेचे वय वाढते तशी ही शक्यता वाढते, हे खरे. पण तरुण मातांच्या पोटीही अशी मुले जन्मतात. गर्भारपणात पाहिलेले ग्रहण, खाल्लेला एखादा पदार्थ, घरातील एखादा वाद, यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. तीन ते चार टक्के मुलांमध्ये मात्र २१ व्या गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला जोडला गेलेला असतो, आणि त्यांपैकी काहींच्या बाबतीत तो आई किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो. म्हणून बाळाची गुणसूत्र-तपासणी करून घ्यावी आणि पुढील अपत्याचा विचार करण्यापूर्वी आनुवंशिकी-तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

हे सारे सांगण्याचे कारण वेगळे आहे. अनेक घरांत पहिली दोन वर्षे दोषाचा धनी शोधण्यात जातात. सुनेच्या माहेरी कोणी असे होते काय, याची चौकशी होते. पूर्वकर्माची चर्चा होते. थोरल्या बहिणीच्या सोयरिकीत अडचण नको म्हणून बाळाला लग्नसमारंभाला नेणे टाळले जाते. कर्मसिद्धांत मानणाऱ्या घराने एवढे तरी ध्यानात ठेवावे, की तो सिद्धांत सुनेच्या पदरी दोष बांधण्यासाठी सांगितलेला नाही आणि आपले आजचे कर्तव्य टाळण्याची सवलतही तो कोणाला देत नाही. दरम्यान बाळाच्या आयुष्यातील भाषेसाठी सर्वांत मोलाची वर्षे निघून जात असतात. चार माणसांत न नेलेल्या मुलाच्या कानी चार माणसांचे बोलणे पडत नाही.

समजते अधिक, बोलता येते कमी

या मुलांच्या भाषेचे एक ठळक वैशिष्ट्य प्रत्येक पालकाने जाणून घ्यावे. त्यांना जेवढे बोलता येते त्याहून कितीतरी अधिक समजत असते. ‘चपला आण’ म्हटले की चपला आणणारे, ‘बाबा आले’ म्हटले की जिन्याकडे धावणारे मूल अजून ‘चप्पल’ किंवा ‘बाबा’ म्हणत नसेल, तरी ते शब्द त्याच्या मनात पोहोचलेले असतात. तोंडावाटे बाहेर पडण्याची वाट तेवढी अवघड असते.

ही वाट अवघड होण्याची कारणे अनेक आहेत. स्नायूंचा ताण कमी असल्याने ओठ, जीभ व जबडा यांच्या सूक्ष्म हालचाली सहज साधत नाहीत. तोंडातील पोकळी तुलनेने लहान असते, त्यामुळे जीभ मोठी भासते. ऐकलेला शब्द क्षणभर मनात धरून ठेवणारी स्मृती दुर्बळ असते. लांब वाक्याचा आरंभ वाक्य संपेपर्यंत निसटून जातो. याउलट पाहिलेली गोष्ट ही मुले चांगली लक्षात ठेवतात. चित्र, हावभाव, खूण, लिहिलेला शब्द यांतून ती अधिक सहजतेने शिकतात. म्हणूनच या मुलांना शिकविण्याचे सूत्र एका वाक्यात सांगता येते : कानाने दिलेले डोळ्यांनाही द्यावे.

पहिला अर्थपूर्ण शब्द सामान्यतः वर्षाच्या आसपास येतो. डाउन सिंड्रोम असलेल्या बहुतेक मुलांमध्ये तो दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान येतो, काहींमध्ये त्याहूनही उशिरा. दोन शब्द जोडणे अनेकदा तिसऱ्या वर्षानंतर सुरू होते. मुलामुलांत फरक फार मोठा असतो. म्हणून शेजारच्या किंवा नात्यातल्या मुलाशी तुलना करण्यात अर्थ नाही. तुलना करायचीच, तर त्याच मुलाच्या सहा महिन्यांपूर्वीच्या स्थितीशी करावी.

आधी कान तपासावेत

वाणीचा विचार जिभेपासून सुरू करण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘जीभ जड आहे’ असे म्हणून वेखंड उगाळून लावले जाते, कोणी जिभेखालची दोरी कापून आणण्याचा सल्ला देतो. खरे तर आरंभ कानापासून व्हावयास हवा. या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात. साध्या सर्दीनेही पडद्यामागे चिकट द्रव साठतो आणि ऐकू कमी येते. बहुसंख्य मुलांना बालपणी केव्हा ना केव्हा हा त्रास होतो. कान दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानातही येत नाही. मूल हाक ऐकत नाही याचा अर्थ ‘हट्टी आहे’ असा लावला जातो. ज्याला शब्दाची कडा स्पष्ट ऐकूच येत नाही, त्याने तो स्पष्ट उच्चारावा तरी कसा?

म्हणून जन्मानंतर लगेच एकदा, नंतर लहान वयात दर सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी श्रवण-तपासणी करून घ्यावी. थायरॉइडची तपासणीही जन्मानंतर, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी व्हावी. कारण या ग्रंथीचे कार्य मंदावले तर मूल सुस्त होते आणि शिकणे मागे पडते. सुमारे निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही दोष असतो, त्यामुळे हृदयाची सोनोग्राफी पहिल्या काही आठवड्यांतच होणे आवश्यक आहे. दृष्टीही तपासावी. डोळ्यांवाटे शिकणाऱ्या मुलाला चष्मा लागत असेल आणि तो मिळाला नसेल, तर त्याची शिकण्याची मुख्य वाटच धूसर राहते.

डाउन सिंड्रोममध्ये बोलणे आणणारे कोणतेही सिद्ध औषध नाही. बुद्धिवर्धक टॉनिक, मूळपेशींचे महागडे उपचार, परगावच्या कोणाची तरी पुडी, यांवर पैसा व महिने घालविण्यापूर्वी हे वाक्य पालकांनी पुन्हा एकदा वाचावे.

हातांनी आरंभ

शब्दांच्या आधी संवाद येतो. बाळ आईच्या तोंडाकडे पाहते, आई हसते, बाळ आवाज काढते, आई तोच आवाज परत करते. हे देणे-घेणे हाच संभाषणाचा पहिला धडा होय. या बाळांच्या प्रतिसादाला वेळ लागतो. त्यामुळे मोठी माणसे निराश होऊन बोलणे सोडून देतात किंवा स्वतःच बोलत सुटतात. दोन्ही गोष्टी टाळाव्यात. बाळाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे, थोडके बोलावे आणि थांबावे.

जीभ तयार होण्याआधी हात तयार होतात. म्हणून जगभरातील वाक्-उपचारतज्ज्ञ या मुलांना शब्दांसोबत हातांच्या खुणा शिकविण्याचा सल्ला देतात. ‘पाणी’, ‘दूध’, ‘आणखी’, ‘संपले’, ‘दे’, ‘चल’, ‘नको’ अशा रोजच्या दहा-बारा शब्दांपासून आरंभ करावा. खूण करताना शब्द प्रत्येक वेळी मोठ्याने व स्पष्ट उच्चारावा. घरातील सर्वांनी एका शब्दासाठी एकच खूण वापरावी. दादीची एक आणि काकांची दुसरी असे होऊ नये.

या सल्ल्याला घराघरांतून विरोध होतो. ‘खुणा शिकवल्या तर ही कायमची मुकी राहील’, अशी भीती वडीलधारे बोलून दाखवितात. भीती प्रामाणिक आहे, पण तिला आधार नाही. खुणांमुळे बोलणे थांबते असे अभ्यासांत आढळलेले नाही. उलट शब्द जिभेवर आला, की मूल ती खूण आपोआप सोडून देते, कारण बोलणे हे हात हलविण्यापेक्षा सोपे व दूरवर पोहोचणारे असते. आणि खुणा या घरांना परक्या नाहीत. पाहुणे आले, की वर्षभराच्या बाळालाही हात जोडून ‘जय जिनेंद्र’ करावयास शिकविले जाते. ते बाळ बोलत नसते, तरी त्याचे जोडलेले हात सर्वांना कळतात. त्या खुणेमुळे ते मुके राहील असे आजवर कोणाच्या मनात आलेले नाही.

खुणेचा आणखी एक लाभ तात्काळ दिसतो. मागणे सांगता येत नाही म्हणून होणारा आक्रोश, डोके आपटणे, वस्तू फेकणे कमी होते. आपण सांगितले आणि समोरच्याने ऐकले, हा अनुभव मुलाला पुन्हा सांगण्याचे बळ देतो.

घरातला दिवस हीच शाळा

आठवड्यातून एकदा उपचारतज्ज्ञाकडे अर्धा-पाऊण तास जाणे उपयोगी खरे. पण उरलेला सारा आठवडा मूल घरात असते. तज्ज्ञाने दिशा दाखवावी आणि घराने चालावे, अशीच ही वाटणी आहे. त्यासाठी खास खोली वा महाग खेळणी लागत नाहीत. काही सवयी मात्र बदलाव्या लागतात.

पहिली सवय थांबण्याची. प्रश्न विचारल्यावर किंवा वस्तू दाखविल्यावर मनात दहापर्यंत अंक मोजावेत. मुलाला शब्द ऐकून, समजून, जुळवून, उच्चारायचा असतो. त्याला हा अवधी लागतो. दुकानावर बसणाऱ्याला ही कला ठाऊक असते. गिऱ्हाईक तोंड उघडण्यापूर्वीच दहा ठाण उलगडणारा विक्रेता त्याची गरज कधीच ऐकत नाही. चांगला दुकानदार क्षणभर थांबतो आणि गिऱ्हाइकाला बोलू देतो. तोच संयम वरच्या मजल्यावरही हवा.

दुसरी सवय निवड देण्याची. ‘दूध हवे का?’ या प्रश्नाला मान हलविली की काम भागते. त्याऐवजी एका हातात केळे, दुसऱ्या हातात चिकू धरून ‘केळे की चिकू?’ असे विचारावे. मूल बोट दाखवील, खूण करील किंवा ‘के’ म्हणेल. यांतील प्रत्येक उत्तर स्वीकारावे आणि ‘केळे! घे केळे’ असे पूर्ण शब्दाने परत द्यावे. आवडता डबा दिसेल पण हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावा, म्हणजे मागण्याचे निमित्त घडते. मुलाला रडविणे हा त्यामागचा हेतू नव्हे. त्याने थोडासा प्रयत्न केला, की वस्तू लगेच द्यावी.

तिसरी सवय एक पाऊल पुढे राहण्याची. मूल ‘गाडी’ म्हणाले, तर आपण ‘लाल गाडी’ किंवा ‘गाडी गेली’ म्हणावे. मूल दोन शब्द बोलू लागले, की आपण तीन बोलावेत. लांबलचक वाक्ये त्याच्या स्मृतीत मावत नाहीत आणि एकेकटे शब्द त्याला पुढे नेत नाहीत.

चौथी सवय परीक्षा न घेण्याची. पाहुण्यांसमोर मुलाला उभे करून ‘हे काय? ते काय? म्हण ना, काल तर म्हणाली होतीस’ असा मारा केला, की मूल गप्प होते. विचारण्याऐवजी सांगावे. पोळी लाटताना ‘गोल पोळी’, अंघोळीच्या वेळी ‘गरम पाणी’, जिना चढताना ‘वर, वर, वर’ असे त्याच्या नजरेसमोर घडणाऱ्या गोष्टीचे छोटे वर्णन चालू ठेवावे. एक शब्द दिवसातून अनेकदा, वेगवेगळ्या ठिकाणी कानी पडला, म्हणजे तो पक्का होतो.

उच्चारांसाठी आरशासमोर खेळावे. ओठांनी होणारे प, ब, म हे ध्वनी डोळ्यांना दिसतात, म्हणून ते आधी साधतात; र, ळ, श आणि जोडाक्षरे पुष्कळ उशिरा येतात. ‘पाणी’चे ‘पापी’ झाले तर हसू नये, रागावू नये. ‘हो, पाणी’ एवढेच म्हणावे. पिपाणी वाजविणे, फुंकर घालणे हे खेळ म्हणून आनंदाचे आहेत. परंतु उच्चार सुधारतात ते उच्चार करण्यानेच. आणि भ्रमणध्वनीवरील बालगीते तासन्‌तास लावून ठेवणे ही भाषेची शिकवण नव्हे. पडदा बोलतो, पण मुलाच्या हुंकाराला उत्तर देत नाही. तेच गाणे आजोबांनी मांडीवर घेऊन म्हटले, शेवटच्या शब्दापूर्वी थांबले आणि नातीच्या तोंडाकडे पाहत राहिले, तर ती तो शब्द पुरा करण्याचा यत्न करते.

वाचनातून बोलणे

वाचन ही बोलण्यानंतरची पायरी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या बाबतीत हा क्रम उलटाही चालतो, हे इंग्लंडमधील पोर्ट्‌समथ येथील मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांच्या कामातून पुढे आले. १९८० मध्ये त्यांनी या विषयाचा अभ्यास हाती घेतला, तो एका पित्याच्या पत्रामुळे. डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीला लहानपणीच शब्द वाचावयास शिकविल्याने तिच्या भाषेला कसा लाभ झाला, हे त्या पित्याने कळविले होते. बकली यांच्या अभ्यासातही काही मुले अगदी लहान वयात संपूर्ण शब्द ओळखू लागली आणि वाचलेले शब्द त्यांच्या बोलण्यात येऊ लागले. कारण उघड आहे. उच्चारलेला शब्द हवेत विरून जातो. लिहिलेला शब्द डोळ्यांसमोर स्थिर राहतो.

ही पद्धत घरीही करता येते. मुलाला पन्नासेक शब्द समजू लागले, काही शब्द ते बोलून वा खुणेने सांगू लागले आणि चित्राला चित्र जुळवू लागले, म्हणजे आरंभ करावा. अडीच-तीन वर्षांचे वय त्यासाठी फार लवकर नाही. घरच्या माणसांची छायाचित्रे घेऊन त्याखाली ‘आई’, ‘बाबा’, ‘दादी’ असे ठळक अक्षरात लिहावे. तसेच शब्द वेगळ्या पत्त्यांवर लिहावेत. प्रथम शब्दाला शब्द जुळवावयास शिकवावे. मग ‘दादी कुठे आहे?’ म्हटल्यावर योग्य पत्ता निवडावयास शिकवावे. शेवटी पत्ता पाहून नाव घेण्याचा यत्न करू द्यावा. चूक होण्यापूर्वीच हात धरून योग्य पत्त्याकडे न्यावा, म्हणजे मूल खचत नाही. रोज पाच-दहा मिनिटे पुरेत.

पुढे या पत्त्यांचा व्याकरणासाठीही उपयोग होतो. शब्दांच्या शेवटी हळू उच्चारले जाणारे प्रत्यय या मुलांकडून गळतात. मराठीत तर सारा अर्थ प्रत्ययावर तोललेला. ‘आजीने दिले’ आणि ‘आजीला दिले’ यांतील फरक कानाला निसटता, पण डोळ्यांना स्वच्छ दिसतो. मुलीने ‘मी जाते’ आणि मुलाने ‘मी जातो’ म्हणायचे, हेही पत्त्यावर दाखविता येते.

घरात भाषा किती असाव्यात?

व्यापारी कुटुंबांना हा प्रश्न विशेष भेडसावतो. दादी मारवाडी किंवा गुजराती बोलते, दक्षिण महाराष्ट्रातील काही घरांत कन्नड असते, अंगणात व दुकानात मराठी चालते, शाळा इंग्रजी हवी असते. ‘आधीच बोलत नाही, त्यात इतक्या भाषा, आता घरात एकच भाषा बोला’ असा सल्ला पालकांना मिळतो आणि तो पुष्कळदा पाळला जातो. मग जिला इंग्रजी येत नाही ती दादी नातीशी बोलावयास कचरू लागते. मुलीच्या दिवसातील सर्वांत दीर्घ, सर्वांत प्रेमळ संभाषण या सल्ल्यापायी बंद पडते.

कॅनडातील एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या द्विभाषिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन भाषांत वाढणारी ही मुले इंग्रजीमध्ये त्याच अवस्थेतील एकभाषिक मुलांच्या मागे नव्हती. शिवाय त्यांना दुसरी भाषाही येत होती. अभ्यासातील मुलांची संख्या लहान होती, तरी दुसऱ्या भाषेने हानी होते या समजुतीला त्यातून दुजोरा मिळाला नाही. यावरून व्यवहाराला पुरेल एवढा बोध घेता येतो. ज्याला जी भाषा मनापासून येते, त्याने मुलाशी त्याच भाषेत बोलावे. फक्त खुणा सर्व भाषांत एकच ठेवाव्यात, म्हणजे ‘पाणी’ आणि दादीच्या भाषेतील पाण्याचा शब्द एकाच खुणेने जोडले जातात. वाचनाचे पत्ते आरंभी एकाच भाषेत असावेत. घरात व अंगणवाडीत जी अधिक बोलली जाते, ती निवडावी.

मदत कोठे मिळते?

वाक्-उपचारतज्ज्ञ निवडताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे की नाही, हे पाहावे. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आणि म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था या दोन सरकारी संस्था या क्षेत्रात दीर्घकाळ काम करीत आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात डाउन सिंड्रोमचा समावेश आहे आणि त्याखालील जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत तपासणी व उपचार मिळू शकतात. जन्मानंतरच्या पहिल्याच महिन्यांत तेथे जावे. मूल बोलत नाही हे सिद्ध होण्याची वाट पाहू नये.

बौद्धिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र काढण्यास पुष्कळ प्रतिष्ठित घरे कचरतात. त्यामुळे मुलाचेच हक्क बुडतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार चाळीस टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे, मग ती शेजारची शाळा असो वा विशेष शाळा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य-विमा संरक्षण मिळते आणि त्यात उपचारपद्धतींचाही समावेश आहे. आयकरातील सवलतीविषयी आपल्या सनदी लेखापालाला विचारावे. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालकत्वाची व्यवस्थाही याच न्यासामार्फत करता येते.

एक शब्द कशासाठी?

१९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे आयुर्मान पंचविशीच्या आसपास होते. हृदयशस्त्रक्रिया व आरोग्यसेवा सुधारल्याने आज ते साठीच्या घरात गेले आहे. म्हणजे आजचे हे बाळ उद्या प्रौढ होईल, कदाचित वृद्धही होईल. तेव्हा त्याच्या हुंकाराचा अर्थ जाणणारी दादी नसेल, कदाचित आईही नसेल. डॉक्टरांसमोर ‘पोटात दुखते’ असे त्याला स्वतःच सांगावे लागेल. कोणी अंगाला नको तसा हात लावला, तर ‘नाही’ म्हणावे लागेल आणि घरी येऊन ते सांगावे लागेल. वाट चुकले तर आपले नाव व गाव सांगावे लागेल. वाणीचा खरा उपयोग इथे आहे. पाहुण्यांसमोर कविता म्हणता आली नाही तरी चालते. परंतु ‘हवे’, ‘नको’, ‘दुखते’, ‘थांब’ हे शब्द, उच्चाराने असोत वा खुणेने, प्रत्येक मुलापाशी असलेच पाहिजेत.

त्यासाठीच त्या ओट्यापाशी क्षणभर थांबावयाचे आहे. नात येते, हंड्याकडे पाहते. दादी पेला हातात घेते, पण भरीत नाही. ती खाली बसते, नातीच्या डोळ्यांत पाहते, अंगठा ओठांशी नेऊन ‘पाणी’ म्हणते आणि मनात अंक मोजू लागते. एक, दोन, तीन. दारात उभ्या असलेल्या काकूला राहवत नाही. दादी तिला हातानेच थांबविते. सात, आठ. नात आपला अंगठा हनुवटीपाशी नेते. तो ओठांपर्यंत पोहोचत नाही. ओठ मात्र एकदा मिटतात आणि उघडतात. ‘पा.’

दादी पेला काठोकाठ भरते.